रक्तातला पहारा आणि त्याचा लगाम



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. माझे आयुष्य फौंड्र्या, सूतगिरण्या आणि लेबर ऑफिसच्या पायऱ्या यांतच गेले. शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. अशा मनुष्याने रक्तातील एका द्रव्याच्या इतिहासावर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाचे माझ्या धंद्याशी वरवर दिसते त्याहून जवळचे नाते आहे. संघटना चालविणाऱ्याला दोन विद्या शिकाव्या लागतात: माणसे उठवावी कशी, आणि उठलेली माणसे आवरावी कशी. पहिली विद्या लौकर येते. दुसरी येण्यास केस पांढरे व्हावे लागतात.

आपल्या प्रत्येकाच्या रक्तात एक संरक्षक दल अहोरात्र फिरत असते. त्याचे बळ शास्त्रज्ञांच्या ध्यानात प्रथम आले ते १८८८ च्या सुमारास; त्याला लगाम असतो, आणि तो लगाम तुटला तर हेच दल घरच्यांवर उलटते, हे उमगण्यास पुढे पाऊण शतक लागले. या दलाला इंग्रजीत 'कॉम्प्लिमेंट' म्हणतात. आपण त्याला 'पूरक' म्हणू. त्या पूरकाचा इतिहास, आणि त्यात आपल्या पुण्यात काम केलेल्या एका संशोधकाचा वाटा, हा आजचा विषय आहे.

१८८८ साली जर्मनीत काम करणाऱ्या जॉर्ज नटाल नावाच्या तरुण संशोधकाने एक साधा प्रयोग केला. जनावराच्या ताज्या रक्तात त्याने काळपुळीचे जंतू सोडले; ते मेले. तेच रक्त ५५ अंशांपर्यंत तापवून घेतले, तर जंतू मजेत वाढू लागले. म्हणजे रक्तात जंतू मारणारे काहीतरी आहे, आणि ते उष्णतेने नष्ट होते. पुढे हान्स बुख्नेर याने या शक्तीला 'अलेक्सिन', म्हणजे रक्षण करणारे द्रव्य, असे नाव दिले. १८९४ साली फायफर याला असे दिसले की, पटकीच्या जंतूंविरुद्ध आधी तयार केलेल्या गिनीपिगच्या पोटात ते जंतू सोडले, तर ते डोळ्यांदेखत विरघळून जातात.

हे सारे युरोपात चालले होते. परंतु त्याचा आपल्या घरादाराशी संबंध नव्हता असे समजू नका. पटकीचा जंतू कोख याने १८८४ साली कलकत्त्यास तपासला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ नावाचे एक थोर शास्त्रज्ञ होते. त्यांचा एक शिष्य हाफकिन हा १८९३ साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला, १८९६ साली मुंबईत प्लेग शिरल्यावर तिकडे धावला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत त्या साथीने कोल्हापूर संस्थानालाही सोडले नाही. त्याच मेचनिकॉफच्या प्रयोगशाळेत, हाफकिन इकडे आल्यानंतर दोनच वर्षांनी, ज्यूल बोर्दे हा पंचवीस वर्षांचा बेल्जियन तरुण एक कोडे सोडवीत बसला होता.

कोडे असे. पटकीचा सामना केलेल्या प्राण्याचे रक्तजल पटकीचे जंतू विरघळविते. ते तापविले की शक्ती जाते. बोर्देने त्या तापविलेल्या रक्तजलात अगदी साध्या, पटकीचे नावही न ऐकलेल्या प्राण्याचे थोडे ताजे रक्तजल मिसळले. आणि शक्ती परत आली! याचा अर्थ काम करणारे दोघे आहेत. एक विशिष्ट शत्रूला ओळखणारा. तो अनुभवाने तयार होतो आणि उष्णता सोसतो. त्याला आज आपण प्रतिपिंड म्हणतो. दुसरा सर्वांच्या रक्तात जन्मतः असतो, कोणत्याही शत्रूवर चालून जातो, आणि उष्णतेने मरतो. खेड्यातल्या रात्रीच्या गस्तीचे उदाहरण घ्या. एखादा जाणता मनुष्य चोराला ओळखतो आणि त्याच्या पाठीवर खडूची खूण करतो. हे प्रतिपिंडाचे काम. ती खूण पाहून काठ्या घेऊन जो सारा गाव धावतो, ते पूरक. १८९८ साली बोर्देने दाखविले की हीच जोडी परक्या प्राण्याच्या तांबड्या रक्तपेशीही फोडते. पॉल एर्लिख याने या दुसऱ्या द्रव्याला 'कॉम्प्लिमेंट' हे नाव दिले, आणि ते रूढ झाले. बोर्देला १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा गाव धावतो कसा, हे थोडे पाहू. पूरक हे एक द्रव्य नसून तीसहून अधिक प्रथिनांची मालिका आहे. त्यांतील बहुतेक यकृतात तयार होतात आणि झोपलेल्या स्थितीत रक्तात फिरतात. पहिले जागे झाले की ते दुसऱ्याला कापते, कापलेले दुसरे तिसऱ्याला कापते. फटाक्यांची लड पेटावी तसे हे होते. या मालिकेच्या मध्यावर 'सी-३' नावाचे प्रथिन आहे. सर्व वाटा येथे मिळतात. सी-३ कापले गेले की त्याचा एक तुकडा सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता विलक्षण चिकट बनतो आणि जवळच्या पृष्ठभागाला घट्ट बसतो. बसलेला तुकडा आणखी सी-३ कापण्यास मदत करतो. अशा रीतीने काही मिनिटांत एका जंतूवर लाखो तुकडे चढू शकतात. मग पांढऱ्या पेशी त्या जंतूला गिळतात, सुटलेले लहान तुकडे आणखी कुमक बोलावतात, आणि मालिकेतील शेवटची प्रथिने एकत्र येऊन शत्रूच्या आवरणाला आरपार भोक पाडतात.

हे बळ किती भयंकर आहे याची साक्ष मुंबईतच मिळते. १९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक नवा रक्तगट जाहीर केला. जग त्याला 'बाँबे' रक्तगट म्हणून ओळखते. या गटाच्या माणसाला साधे 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. ते दिले, तर त्याच्या अंगची प्रतिपिंडे परक्या पेशींवर खूण करतात आणि पूरक त्या पेशी धडाधड फोडून टाकते. जीव वाचविण्यासाठी चढविलेली बाटली जीव घेऊ शकते. १९५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था उभी राहिली. गिरणगावाच्या मध्यावर असलेल्या या संस्थेत आज जन्मजात प्रतिकारदोषांचा अभ्यास चालतो.

पुन्हा इतिहासाकडे वळू. एवढा मोठा शोध लागल्यावर पूरकाचा अभ्यास जोरात चालला असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. १९०६ साली वासरमान याने उपदंश ओळखण्याची कसोटी काढली. रोग्याच्या रक्तात रोगाची प्रतिपिंडे असली की परीक्षानळीतील पूरक त्या कामात खर्ची पडते, आणि मागाहून घातलेल्या मेंढीच्या रक्तपेशी शाबूत राहतात. प्रतिपिंडे नसली तर पेशी फुटतात. जगभरच्या दवाखान्यांनी ही कसोटी उचलली. पण त्यामुळे पूरक हे बाटलीतले एक उपयोगी रसायन होऊन बसले. ते शरीरात काय करते, हे विचारणारे थोडे उरले. कारखान्यात एखाद्या कुशल माणसाला एकाच यंत्रापाशी वीस वर्षे उभे करावे आणि त्याला आणखी काय येते हे कोणी विचारू नये, तसाच हा प्रकार.

हा प्रश्न पुन्हा विचारला तो अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील लुई पिलेमर याने. १९५४ साली त्याने असे प्रतिपादन केले की पूरक जागे होण्यास प्रतिपिंडांची खूण लागतेच असे नाही. रक्तातील 'प्रॉपर्डिन' नावाच्या प्रथिनाच्या साहाय्याने ते दुसऱ्या वाटेनेही पेटते. वर्तमानपत्रांनी त्याचा उदो उदो केला. पण समव्यवसायी विद्वानांनी आक्षेप घेतले. त्याने पाहिलेला परिणाम प्रॉपर्डिनचा नसून अल्पशा प्रतिपिंडांचा आहे, असे त्यांचे म्हणणे. १९५७ साली, पन्नाशीही न गाठता, झोपेच्या औषधाच्या अतिरिक्त मात्रेने पिलेमरचा अंत झाला. १९६८ साली त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांनी प्रॉपर्डिन शुद्ध स्वरूपात काढून दाखविले, आणि पुढच्या काही वर्षांत ती दुसरी वाट सर्वमान्य झाली. आज ती प्रत्येक वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आहे. ज्याने वाट दाखविली तो मात्र हे पाहण्यास उरला नाही.

पिलेमरच्या या वाटेतून एक मोठा विचार बाहेर पडतो. पूरकाला जर कोणाच्या हुकुमाची गरज नसेल, सी-३ जर प्रत्येक क्षणी थोडे थोडे आपोआप पेटत असेल, तर ते आपल्याच पेशींना का जाळीत नाही? उत्तर एकच संभवते: आपल्या प्रत्येक पेशीवर आणि रक्तात ठायी ठायी लगाम असले पाहिजेत. आणि तसे ते आहेत. मोर्चा निघतो तेव्हा दोन्ही बाजूंनी दोर धरून स्वयंसेवक चालतात. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. घोषणा देणारेच सर्वांना दिसतात. परंतु दोर सुटला की पहिली काच फुटते ती बहुधा एखाद्या गरीब दुकानदाराची.

दोर सुटल्याचा पहिला स्वच्छ पुरावा १९६३ साली मिळाला. काही कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या एक विचित्र विकार चालतो. मधूनच ओठ, हात, चेहरा सुजतो; खाज नाही, गांध्या नाहीत; दोन-तीन दिवसांत सूज उतरते. आतड्याला सूज आली तर पोटात असह्य कळा येतात. घशाला आली तर श्वास कोंडून मनुष्य दगावतो. विल्यम ऑसलर याने १८८८ साली, म्हणजे नटालच्या प्रयोगाच्याच वर्षी, या विकाराची आनुवंशिकता नोंदविली होती. १९६३ साली व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड एव्हान्स यांनी दाखविले की या रोग्यांच्या रक्तात पूरकाच्या पहिल्या पायरीला आवरणारे प्रथिन कमी असते. हेच प्रथिन शरीरातील आणखी एका मालिकेलाही आवरते. तिच्यातून ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य बेसुमार सुटते आणि सूज येते. म्हणूनच ॲलर्जीची नेहमीची औषधे या सुजेवर चालत नाहीत. एकाच आजारात दोन बातम्या होत्या: लगाम खरोखरीच आहे, आणि तो नसणे म्हणजे रोग.

हा विकार सुमारे पन्नास हजारांत एकाला होतो असे मानतात. लाखांत दोन म्हणजे काहीच नाही, असे आकडा ऐकून वाटते. परंतु त्या दोघांपैकी एकजण आमच्या युनियनचा सभासद होता. तो एका फौंड्रीत मोल्डर होता. वर्षातून आठ-दहा वेळा त्याचा चेहरा सुजून ओळखू येईनासा होई. सुपरवायझर म्हणे, दारू उतरलेली नाही. पगार कापला जाई. घरचे म्हणत, बाधा आहे. नारळ-लिंबू उतरून टाकत. एका दवाखान्यात त्याला वर्षानुवर्षे ॲलर्जीच्या गोळ्या मिळत होत्या, आणि एकदा पोटातल्या कळांसाठी अपेंडिक्सचे ऑपरेशनही झाले. अपेंडिक्स चांगले निघाले. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला: "तुमचे वडील कशाने गेले?" वडील चाळिशीत, घसा सुजून, एका रात्रीत गेले होते. बाईंनी रक्तातील 'सी-४' या पूरक प्रथिनाची चाचणी करून घेतली. ते फार कमी निघाले, आणि पुढच्या तपासणीत रोगाचे नाव मिळाले. ते नाव घेऊन आम्ही मॅनेजमेंटपुढे बसलो आणि त्याची गैरहजेरी आजारपणाच्या रजेत धरून घेतली. मी हा विषय वाचू लागलो तो त्या दिवसांत. ज्या माणसासाठी भांडायचे त्याचा आजार आपणांस समजलेला असावा, एवढाच माझा हेतू होता.

वाचता वाचता दुसरी बाजूही दिसली. लगाम तुटल्याने रोग होतो, तर पूरक मुळातच नसलेले बरे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. मालिकेतील शेवटची प्रथिने ज्यांना जन्मतः नसतात त्यांना मेंदूज्वराच्या एका जातीच्या जंतूची लागण पुन्हा पुन्हा होते. आणि मालिकेच्या अगदी आरंभीचे 'सी-१-क्यू' हे प्रथिन ज्यांना नसते, त्यांतील बहुतेकांना ल्यूपस नावाचा आजार होतो. त्यात शरीराचे संरक्षणदल स्वतःच्याच कातडीवर, सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उलटते. पहारेकरी नाही म्हणून घरात मारामारी, हे कसे? कारण पूरकाचे आणखी एक काम आहे: रोज मरणाऱ्या आपल्या पेशींचा केर उचलणे. केर उचलला गेला नाही की तो कुजतो, आणि त्या केरालाच शत्रू समजून प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. शहराचे सफाई कामगार चार दिवस कामावर आले नाहीत तर काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा कोठे त्यांचे मोल कळते. पूरक हा पहारेकरी आहे आणि सफाई कामगारही आहे. त्याला हाकलून चालत नाही. त्याला वेळेवर आवरता आले पाहिजे.

आवरावे कसे, याचा एक धडा शास्त्रज्ञांना मिळाला तो चोराकडून. येथे आपणांस देवी रोगाकडे वळावे लागेल. सभागृहात पन्नाशी ओलांडलेले जे आहेत त्यांच्या दंडावर, माझ्याप्रमाणेच, देवी काढल्याचा वण असेल. गावात देवी डॉक्टर आला की आया मुले लपवीत, हेही काहींना आठवत असेल. त्यासाठी लागणारी लस आपल्या शेजारी बेळगावला वासरांच्या कातडीवर तयार होई. टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान त्या संस्थेची आठवण आजही सांगते. भारतातील देवीचे शेवटचे रोगी १९७५ साली नोंदले गेले, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर केले.

रोग गेला, पण एक प्रश्न राहिला. देवीचा विषाणू शरीरातल्या पहाऱ्याला इतकी शतके कसा चकवीत आला? १९८८ साली अमेरिकेत गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी लसीत वापरल्या जाणाऱ्या 'व्हॅक्सिनिया' विषाणूत एक प्रथिन शोधले. ते आपल्या शरीरातील पूरकाला आवरणाऱ्या प्रथिनांसारखेच होते. म्हणजे विषाणूने आपलाच लगाम उचलून नेला होता, आणि तो आपल्याच पहारेकऱ्याला घातला होता. चोर सापडला तो कोतवालांच्या हाती, हा योगायोग मोठा गोड आहे. २००२ साली असे दिसून आले की खऱ्या देवीच्या विषाणूचे असेच प्रथिन लसीच्या विषाणूच्या प्रथिनाहून मानवी पूरकाविरुद्ध कितीतरी पटींनी प्रभावी आहे. आणि दोहोंत फरक अवघ्या अकरा घटकांचा आहे.

आता पुण्याकडे येऊ. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. अरविंद साहू यांनी अनेक वर्षे पूरकावर संशोधन केले. त्यांचा गट आणि विषाणूंची ही चोरी यांचा संबंध जुना. २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापोसी नावाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या विषाणूचे असेच एक प्रथिन पूरकाला कसे आवरते हे दाखविले, आणि त्याला 'कापोसिका' असे नाव दिले. २००८ साली त्यांनी देवीच्या प्रथिनाचा प्रश्न हाती घेतला. अकरा फरकांपैकी कोणत्या फरकांत ती जास्तीची शक्ती आहे? एकेक घटक बदलून पाहात त्यांनी दाखविले की मुख्य भार चारच घटकांवर आहे. कुलपाच्या अकरा खाचांपैकी खऱ्या चार कोणत्या, हे हाताने चाचपून ठरविण्यासारखे हे काम. त्यात गाजावाजा नसतो, चिकाटी असते.

परंतु साहू यांचे नाव या इतिहासात राहील ते त्याआधीच्या एका कामामुळे. ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन लाम्ब्रिस यांच्याबरोबर काम करीत होते. प्रश्न असा होता: सी-३ या मधल्या कड्यालाच धरून ठेवील असा एखादा लहानसा पदार्थ मिळेल काय? त्यासाठी त्यांनी निराळाच मार्ग धरला. जंतूंना लागणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या अंगावर निरनिराळ्या लहान प्रथिन-साखळ्या बसविता येतात. अशा अगणित साखळ्यांचा साठा ब्रायन के यांच्याकडे होता. सी-३ चा गळ टाकून त्या साठ्यातून त्याला चिकटणारी साखळी त्यांनी वेचून काढली. ती छाटत छाटत अवघ्या तेरा घटकांच्या कड्यावर आणली, तरी काम करीत राहिली. १९९६ साली साहू, के आणि लाम्ब्रिस यांनी हे प्रसिद्ध केले. या पदार्थाला 'कॉम्प्स्टॅटिन' म्हणतात. एवढासा हा तुकडा सी-३ ला कापू देत नाही; लड मध्यावरच विझते.

तेथून औषधापर्यंतचा प्रवास पंचवीस वर्षांचा झाला. अनेक देशांच्या अनेक हातांनी तो तुकडा सुधारला. दरम्यान २००७ साली 'एक्युलिझुमॅब' हे पूरकाला आवरणारे दुसरे औषध अमेरिकेत मान्य झाले होते. ते एका दुर्मिळ रक्तरोगासाठी होते: त्यात तांबड्या पेशींवरचे लगाम गळून पडतात, पूरक त्या फोडते, आणि रोग्याला सकाळी काळसर लघवी होते. हे औषध मालिकेच्या शेवटाला आवरते. कॉम्प्स्टॅटिनच्या वंशातले 'पेगसेटाकोप्लान' हे मध्यावरच आवरते; ते मे २०२१ मध्ये त्याच रोगासाठी मान्य झाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हातारपणी दृष्टिपटल झिजविणाऱ्या नेत्ररोगाच्या एका प्रकारासाठी. त्या नेत्ररोगाचा पूरकाच्या लगामाशी संबंध आहे हे २००५ सालीच उघड झाले होते. रक्तरोगासाठी ही औषधे घेणाऱ्याला आधी मेंदूज्वराची लस टोचून घ्यावी लागते; कारण पहारेकऱ्याला बांधून ठेवले की दाराकडे दुसऱ्या कोणीतरी पाहावे लागतेच.

शास्त्राचा इतिहास येथपर्यंत आला. पण इतिहासाचा शेवटचा भाग प्रयोगशाळेत लिहिला जात नाही. एक्युलिझुमॅब अमेरिकेत बाजारात आले तेव्हा एका रोग्याचा वर्षाचा खर्च चार लाख डॉलरांच्या घरात गेला. जगातील सर्वांत महाग औषध म्हणून त्याची गणना झाली. आपल्या देशाने १९७० च्या कायद्याने औषधांच्या पदार्थांवर पेटंट देणे बंद केले होते, म्हणून आपले कारखाने स्वस्त औषधे करू शकले. २००५ साली ती पेटंटे परत आली. सूज येणाऱ्या त्या आनुवंशिक विकारासाठी परदेशांत उणे असलेले प्रथिनच टोचून देत असताना, आपल्याकडे डॉक्टरांना कितीतरी वर्षे जुन्या गोळ्यांवर आणि रक्तपेढीतल्या प्लाझ्मावर भागवावे लागले.

२०२१ साली केंद्र सरकारने दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि २०२२ साली मदतीची मर्यादा एका रोग्यामागे ५० लाख रुपयांपर्यंत नेली. ठरविलेल्या केंद्रांत ही मदत मिळते, मुंबईचे के. ई. एम. त्यांपैकी एक. हे पाऊल चांगलेच आहे, आणि ते उचलले गेले ते रोग्यांच्या आईबापांनी वर्षानुवर्षे कोर्टाच्या आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविल्यामुळे. पण जे औषध आयुष्यभर घ्यावयाचे, त्याला मदतीचा एक ठरावीक आकडा किती दिवस पुरणार? आणि रोगाचे नावच ज्याला मिळालेले नाही, त्याने मदत मागायची कशाच्या नावाने? आमचा मोल्डर औषधाच्या किमतीपर्यंत पोचला तो बराच उशिरा. त्याआधी त्याची पंधरा वर्षे नावावाचून गेली होती.

म्हणून मला आपल्यापुढे मोठी मागणी न ठेवता तीन लहान गोष्टी ठेवायच्या आहेत. आपल्या नात्यात, आळीत, कारखान्यात कोणाला वारंवार बिनखाजेची सूज येत असेल, कोणाच्या घरात कोणी घसा सुजून अकाली गेले असेल, तर ती हकीकत डॉक्टरांना आपण होऊन सांगा. सी-४ ची पहिली चाचणी ही काही लाखांची गोष्ट नव्हे. कामगार संघटनांनी आणि मालकांनी अशा माणसाची गैरहजेरी व्यसनाच्या खाती टाकण्यापूर्वी त्याला तपासणीस पाठवावे. आणि राज्य विम्याच्या दवाखान्यांपासून मुंबई-पुण्याच्या संस्थांपर्यंत रोग्याला पोचविणारी वाट बांधून द्यावी, अशी मागणी आपल्या शहराने लेखी करावी. ज्या शोधात पुण्याच्या संशोधकाचा हात आहे, त्याचे फळ कोल्हापूरच्या रोग्याला मिळावे, ही काही अवास्तव अपेक्षा नाही.

बोर्देपासून साहूंपर्यंतची ही हकीकत मी आपणांसमोर मांडली. आज रात्रीही आपण झोपलेले असताना यकृत नवा पहारा तयार करील, तो शिरांतून फिरेल, कोठेतरी क्षणोक्षणी पेटेल, आणि दोर धरलेले हात त्याला आवरतील. ज्यांच्या अंगी ते हात उणे आहेत, त्यांच्यासाठी ते काम समाजाने करावयाचे आहे.